भाजीवर अंडं

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहिलेली काही मापं नंतर भरली आहेत.)



सांस्कृतिक समितीने मला विषय दिला होता 'निवृत्तीनंतरची गुंतवणूक'. ३६ वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला दुसरा कुठला विषय देणार? पण त्या विषयावर मी गेल्या २५ वर्षांत लिफ्टमध्ये, गच्चीवर, गणपतीच्या मांडवात, इतकंच काय, स्मशानातल्या बाकावरसुद्धा बोललेलो आहे. मुदत ठेवींचे दर आता तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. म्हणून मी समितीला म्हटलं, मला २० मिनिटं स्वयंपाकावर बोलू द्या. समितीतल्या भगिनी हसल्या. ते साहजिकच आहे. ज्या माणसाने सत्तरीपर्यंत गॅस फक्त दूध उतू जात असताना बंद केला, तो स्वयंपाकावर काय बोलणार?

मी एकाच पदार्थावर बोलणार आहे. खाली भाजी, वर अंडं, त्यावर झाकण. सोबत पोळी नाही, पाव नाही, भात नाही. गेली अडीच वर्षं आठवड्यातून चार-पाच रात्री माझं जेवण हेच आहे आणि ते माझं मी करतो.

हा माझा शोध नव्हे. फोर्टातल्या आमच्या शाखेत एक पारशी हेड कॅशियर होते. सगळे त्यांना बावाजी म्हणायचे. त्यांच्या डब्यात पसरट तळाच्या पेटीत भेंडीची भाजी असायची आणि तिच्यावर दोन अंडी, डोळे वटारून बघितल्यासारखी. त्याला ते 'भीडा पर ईडू' म्हणायचे. भीडा म्हणजे भेंडी, ईडू म्हणजे अंडं, आणि पर म्हणजे वर. पारशी लोक अंडं कशावरही फोडतात. टोमॅटोवर, मेथीवर, बटाट्यावर, बटाट्याच्या तळलेल्या काड्यांवर. बावाजींचं म्हणणं असायचं, की उरलेल्या भाजीवर अंडं फोडलं की ती उरलेली राहत नाही. त्यांच्या डब्यातला घास मी कितीदा तरी खाल्ला, पण घरी येऊन हे कर म्हणून सांगायची सोय नव्हती. आमची ही माहेरून माळकरी घरातली. वडील पंढरीची वारी चालत करणारे. आमच्या स्वयंपाकघरात ४० वर्षं अंड्याचं टरफलसुद्धा आलं नव्हतं. मला खावंसं वाटलं, की मी स्टेशनबाहेरच्या गाडीवर आम्लेट-पाव खायचो आणि बडीशेप चघळत घरी यायचो. तिला ते कळायचं. ती बोलायची नाही. असा तो अलिखित करार होता.

मग तो करार बदलला कसा, ते सांगतो, कारण त्यातच या भाषणाचं कारण आहे.

अडीच वर्षांपूर्वी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट घेऊन गेलो. आकडा होता ८.१. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "काका, हाताची घडी छातीवर घाला आणि हात न टेकता या खुर्चीतून उठा, बसा, उठा. मी घड्याळ लावतो." ३० सेकंद. मी आठ वेळा उठलो, नवव्यांदा अर्धा उठून परत बसलो. सत्तरी ओलांडलेल्या पुरुषाला १२ तरी जमायला हवं, असं त्यांनी सांगितलं. १२ च्या खाली म्हणजे पडण्याचा धोका. मग त्यांनी माझ्या मांडीला हात लावून बघितला. पँट सैल झाली म्हणून मी खुश होतो. ते म्हणाले, पोट तसंच आहे, मांड्या गेल्यात.

मित्रहो, साखर वाढली की ती कागदावर दिसते. मांड्या गेल्या की त्या कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाहीत. वय वाढतं तसे स्नायू झिजतात. हे सगळ्यांचं होतं, पण साठीनंतर वेग वाढतो, आणि खाण्यात प्रथिनं कमी असली की आणखी वाढतो. दुसरी गोष्ट मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितली नव्हती. आपण जेवतो त्यातली बरीचशी साखर स्नायूच उचलतात. म्हणजे स्नायू हा साखरेचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक. गिऱ्हाईकच कमी झालं, की माल रक्तात पडून राहणार. साखर आणि मांड्या ही दोन वेगळी खाती नाहीत.

घरी येऊन मी माझी जुनी सवय वापरली. वही घेतली आणि आठ दिवस खाल्लेलं सगळं लिहिलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली जी शिफारस केली, त्यानुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. माझं वजन ६२ किलो. म्हणजे ५१ ग्रॅम. आणि ज्येष्ठांसाठी हे पुरेसं नाही, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम हवं, असं वृद्धांच्या आहाराचा अभ्यास करणारे बरेच तज्ज्ञ म्हणतात. आता माझी जमा बघा. सकाळचा चहा-बिस्किटं, ३ ग्रॅम. पोह्यांची बशी, ४. दुपारी दोन पोळ्या ६, वाटीभर वरण ५, मूदभर भात ३, भाजी २, ताक २, मिळून १८. चारचा चहा आणि खारी, ३. रात्री मुगाची खिचडी, ८. बेरीज ३६. रोज १५ ग्रॅमची तूट, आणि ही तूट कोण भरत होतं? मांड्या भरत होत्या.

हे चांगलंचुंगलं, घरी शिजवलेलं, ताजं, सात्त्विक जेवण होतं हे लक्षात घ्या. आपल्यातल्या बहुतेकांचं जेवण हेच आहे. घरात सगळ्यांच्या शेवटी बसून उरलेलं संपवणाऱ्या भगिनींचा हिशोब मांडला तर तो याहून वाईट निघेल, पण तो मांडायला त्यांना वेळ कुणी दिलाय?

दोन-चार वर्षांपूर्वी आपल्या गच्चीवर 'दीक्षित की दिवेकर' हा वाद किती रंगला होता, आठवतं ना? दोन वेळा पंचावन्न मिनिटांत जेवायचं, की दर दोन तासांनी थोडंथोडं? निम्मा कट्टा एकीकडे, निम्मा दुसरीकडे. दोघंही आपापल्या जागी अभ्यासू माणसं आहेत, मी त्या वादात पडत नाही. माझं म्हणणं एवढंच, की किती वेळा खायचं यावर आपण दोन वर्षं भांडलो आणि ताटात काय आहे ते कुणीच मोजलं नाही.

तर मी वही हिच्यापुढे ठेवली. डॉक्टरांनी दूध, डाळी, पनीर, सोयाबीन, अंडी असं सगळंच सांगितलं होतं. सोयाबीनच्या वड्या मला पचत नाहीत. डाळ दुप्पट केली तर तिच्यातलं पीठही दुप्पट येतं. राहिलं अंडं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं, ७० कॅलरी, आणि पिठूळ पदार्थ जवळजवळ शून्य. किंमत कटिंग चहापेक्षा कमी. मी हे सगळं बँकेतल्या प्रपोजलसारखं मांडलं. ती ऐकत होती. तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. शेवटी म्हणाली, "अहो, तुम्ही बाथरूममध्ये पडलात तर या गुडघ्यानं तुम्हाला मी उचलणार आहे का? करा काय करायचंय ते. पण माझ्या भांड्यात नाही."

अटी तिथेच ठरल्या. तवा वेगळा, झारा वेगळा, घासणी वेगळी. एकादशीला नाही, श्रावणात नाही. आणि वास आला तर त्या दिवसापासून बंद. यातली शेवटची अट सगळ्यात कडक होती, आणि खरं सांगायचं तर मी चांगला स्वयंपाक शिकलो तो या अटीमुळे.

आता कृती. वही-पेन्सिल आणली असेल त्यांनी लिहून घ्या. माप एका माणसाचं आहे.

कोवळी भेंडी १५० ग्रॅम. एक लहान कांदा, एक लहान टोमॅटो, एक हिरवी मिरची, लसणाच्या तीन पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं. हळद, धने-जिरेपूड, मीठ, मिरपूड, कोथिंबीर. तेल चहाचे दोन चमचे, मोजून; बाटलीतून धार धरायची नाही. पनीर ४० ग्रॅम. अंडी दोन.

भेंडी धुऊन फडक्याने कोरडी करायची. कोरडी म्हणजे अगदी कोरडी, नोट मोजताना बोट कोरडं लागतं तशी. पाण्याचा थेंब राहिला की भेंडी तार सोडते. मग पाव इंचाच्या चकत्या. तवा पसरट आणि खोलगट हवा, बुडाला जाड, आणि त्यावर नीट बसणारं झाकण. तेल तापलं की जिरं, लसूण, आलं, मिरची, मग कांदा. कांदा लाल करत बसू नका, पारदर्शक झाला की पुरे. भेंडी टाका आणि झाकण ठेवू नका. इथे घाई असते म्हणून लोक झाकतात आणि मग भेंडीचा लगदा होतो. मध्यम आचेवर, अधूनमधून परतत, आठ-दहा मिनिटं. भेंडी आकसून कडेला थोडी करपल्यासारखी दिसायला लागली की टोमॅटो, हळद, धने-जिरेपूड, आणि मीठ. मीठ शेवटी, कारण आधी घातलं की पाणी सुटतं. टोमॅटोच्या आंबटपणाने राहिलेली तारही मरते. टोमॅटो नसेल तर दोन आमसुलं चालतात, मला तर तीच जास्त आवडतात.

आता इथपर्यंतची भाजी शुद्ध शाकाहारी आहे. आमच्या घरातली शांतता या पायरीवर उभी आहे. मी ही भाजी दुप्पट मापाने हिच्या कढईत करतो. निम्मी तिला काढून देतो, त्यात तिचं पनीर कुस्करून घालतो, ती ते ज्वारीच्या भाकरीबरोबर खाते. उरलेली निम्मी माझ्या तव्यात येते. एक भाजी, दोन जेवणं. रात्रीचा स्वयंपाक ४० वर्षं तिने केला, आता आठवड्यातून चार दिवस ती टीव्हीसमोर बसलेली असते आणि मी "मीठ बघतेस का?" म्हणून वाटी घेऊन जातो. अंडं पडायच्या आधी, अर्थात.

माझ्या तव्यात भाजी अर्धा-पाऊण इंच जाडीची सारखी पसरायची. माझं पनीर तिच्यातच कुस्करायचं. आच मंद. डावाच्या पाठीने दोन खळगे करायचे, तळ दिसू न देता. तळ दिसला तर अंडं खाली जाऊन चिकटेल. कडेने दोन चमचे पाणी सोडायचं. अंडं थेट तव्यावर फोडायचं नाही, आधी वाटीत फोडायचं. खराब निघालं तर वाटी जाईल, भाजी वाचेल. वाटीतून हलकेच खळग्यात सोडायचं, वर चिमूटभर मीठ आणि मिरपूड. मग झाकण, आणि झाकणावर चमचाभर गार पाणी. बावाजींच्या घरी असंच करायचे, आणि आपल्याकडेही वाफेवर भाजी शिजवताना ताटलीत पाणी ठेवतातच. झाकण गार राहिलं की वाफ आतल्या आत वळते आणि अंड्याचा वरचा भाग कोरडा न पडता शिजतो.

पाच मिनिटं. पांढरं पूर्ण घट्ट व्हायला हवं आणि पिवळंही आतून वाहतं राहता कामा नये. हॉटेलात तो वाहता बलक फार शोभिवंत दिसतो, पण आपल्या वयात कच्च्या अंड्यातल्या जंतूंशी खेळायचं कारण नाही. झाकण काढून बोट टेकवा. गोट्यासारखं कडक लागलं तर जास्त झालं, नुकतंच दबलं तर झालं. वर कोथिंबीर, हवं तर लिंबू. ताटात झाऱ्याने अख्खं उचलून घ्यायचं, म्हणजे खाली हिरवी भाजी आणि वर अंडं असा तुकडा येतो. ढवळलंत तर भुर्जी होईल. भुर्जीही चांगली, पण भुर्जी दिसली की हात आपोआप पावाकडे जातो. हे काट्याने खायचा पदार्थ आहे, त्याला पाव आठवत नाही.

आता वासाबद्दल. माझ्या मते अंड्याला वास नसतो. वास असतो तो जाळलेल्या अंड्याला. अंड्याच्या पांढऱ्यात गंधक असतं. जास्त वेळ, जास्त आचेवर शिजवलं की त्याचा वायू होतो. कडक उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती हिरवट-काळं कडं बघितलं असेल. तो हाच वायू बलकातल्या लोहाला भेटल्याची खूण. मंद आच, पाच मिनिटं, आणि लगेच ताटात, असं केलं की वास येतच नाही, भेंडीचा आणि लसणाचा येतो. अडीच वर्षांत हिने एकदाही नाक धरलेलं नाही. दुसरा वास भांड्याचा. अंड्याचा तवा गरम पाण्याने धुतात, त्याने चिकटलेलं अंडं आणखी शिजून घट्ट होतं. आधी गार पाणी, मग साबण, मग हवं तर गरम.

हे मी मुद्दाम सांगतोय. आपल्या सोसायटीत सुरुवातीच्या काळात फ्लॅट विकताना 'खाणारे' आणि 'न खाणारे' अशी कुजबूज व्हायची, हे इथल्या जुन्या सभासदांना माहीत आहे. उपविधीत तसं काही नाही, पण जिन्यात होतं. माझ्या तव्यानंतर एका शेजारच्या वहिनींनी काही दिवस स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली होती. मी काही बोललो नाही. मागच्या महिन्यात त्यांनीच हिला विचारलं, नातू जिमला जातो, त्याला रोज बाहेरचं आणून देण्यापेक्षा घरीच काही करता येईल का? ही म्हणाली, "यांना विचारा, मला नाही येत." माझ्या आयुष्यातलं हे सर्वोच्च प्रशस्तिपत्र आहे.

आता ताळेबंद. दोन अंडी १२ ग्रॅम, पनीर ७, भाज्या मिळून ४. एकूण २३ ग्रॅम प्रथिनं. पिठूळ आणि साखर सगळं मिळून १५ ग्रॅमच्या आसपास. नुसत्या दोन पोळ्यांत ते ४० च्या घरात जातं. रात्रीची ८ ग्रॅमची खिचडी वजा करा, २३ मिळवा, ३६ चे ५१ होतात. पहिल्यांदा ही बेरीज आली तेव्हा संध्याकाळी कॅश पैशाला पै टॅली झाल्यावर व्हायचा तसा आनंद झाला. त्यावर आता दुपारी वाटीभर मोडाची उसळ वाढवली आहे, म्हणजे थोडी शिल्लक पडते.

भेंडी रोज कोण खाणार? पालक घ्या, पण शिजवून त्याचं पाणी आटवा, नाहीतर अंडं पोहायला लागतं. मेथी उत्तम, कडवटपणा अंड्याने मऊ होतो. दोडका, घोसाळं, कोबी, फरसबी, सिमला मिरची, वांगं, सगळं चालतं. फ्लॉवर बारीक किसून परतला तर पोटाला भरल्यासारखं वाटतं. मटार मूठभर. मका आणि बटाटा नको. पारशी मंडळी बटाट्यावरचं अंडं फार प्रेमाने खातात आणि ते लागतंही झकास, पण आपल्या साखरेला ते मानवत नाही. दुधीचं मात्र मला जमलेलं नाही असं नाही, आवडलेलं नाही.

अंडी घेताना तारीख बघा, तडा बघा. घरी शंका आली तर पाण्यात सोडा. तळाशी आडवं झोपलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, लवकर संपवा, तरंगलं तर टाका. आणून धुऊन ठेवू नका, फ्रिजमध्ये तशीच ठेवा, फोडायच्या आधी धुवा.

काही गोष्टी गंभीरपणे सांगतो. ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत. ज्यांना इन्सुलिन आहे किंवा साखर उतरवणाऱ्या काही जोरकस गोळ्या आहेत, त्यांनी रात्रीची पोळी-भात बंद करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगायलाच हवं. गोळी पोळीच्या हिशोबाने दिलेली असते. पोळी काढली आणि गोळी तशीच राहिली, तर मध्यरात्री साखर एकदम खाली जाते, आणि आपल्या इमारतीत निम्म्या घरांत रात्री शेजारी उठवायला कुणी नसतं. माझी गोळी डॉक्टरांनी तीन आठवड्यांत कमी केली. कोलेस्टेरॉलचं म्हणाल, तर एका बलकात ते दोनशे मिलिग्रॅमच्या जवळपास असतं, हे खरं आहे. अमेरिकेच्या सरकारी आहार-मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जी मर्यादा होती ती २०१५ च्या आवृत्तीत निघाली, पण म्हणून मोकळं रान दिलेलं नाही. हृदयाचा त्रास असलेल्यांनी किती बलक चालतील ते विचारावं. मला दोन चालतात असं माझ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं आहे. ते माझ्यापुरतं.

अंड्यात बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्वही असतं. आपल्यापैकी बरेच जण मेटफॉर्मिन घेतात. ती गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-ट्वेल्व्ह कमी पडू शकतं. पायाला मुंग्या येतात त्या नेहमीच वयाच्या नसतात. तपासून घ्या.

सहा महिन्यांनी माझी तीन महिन्यांची साखर ७.२ वर आली. सगळं श्रेय अंड्याला देणार नाही, रोज गच्चीवरच्या ३० फेऱ्या आणि खुर्चीतून उठ-बस चालूच आहे. नुसतं प्रथिन खाऊन बसून राहिलं तर स्नायू वाढत नाहीत, त्यांना काम द्यावं लागतं. मागच्या आठवड्यात घड्याळ लावलं. ३० सेकंदांत १३.

आता ज्याच्यासाठी हा विषय मागून घेतला ते सांगतो. बी विंगमधले आपले एक मित्र, नाव घेत नाही, ते इथे बसलेले आहेत. वहिनी गेल्यापासून त्यांच्या घरात दुपारी डबा येतो आणि रात्री चहा-खारी किंवा दूध-पोळी असते. मुलगा परदेशातून रोज फोन करतो, "जेवलात का बाबा?" हे म्हणतात, "जेवलो." खोटं नाही, खारी खाल्लेली असते. गेल्या पावसाळ्यात ते बाथरूममध्ये पडले आणि दोन तास तिथेच होते. हाड मोडलं नाही हे नशीब. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा चादरीखालचे त्यांचे पाय बघितले. क्रिकेटच्या मॅचमध्ये विकेटच्या मध्ये धावणारे पाय होते ते, रौप्यमहोत्सवाच्या जुन्या फोटोंत बघा.

अशी आपल्या ६४ फ्लॅटमध्ये किती घरं आहेत, ते सेक्रेटरींना विचारायची गरज नाही, रात्री आठला पार्किंगमध्ये उभं राहून दिवे मोजले तरी कळतं. ज्या घरात बाई मागे राहते तिथे निदान चूल पेटते, जरी ती स्वतःसाठी नीट रांधत नसली तरी. ज्या घरात आमच्यासारखा माणूस एकटा राहतो तिथे गॅसवर फक्त चहाचं पातेलं चढतं. आपल्या पिढीला कुणी शिकवलंच नाही, आणि सत्तरीत पोळी लाटायला शिकणं जमत नाही, हेही मला मान्य आहे. पोळी नकोच आहे. सुरीने भाजी कापता येते ना? वाटीत अंडं फोडता येतं ना? घड्याळात पाच मिनिटं बघता येतात ना? बस्स.

म्हणून समितीची परवानगी घेऊन सांगतो. दर बुधवारी संध्याकाळी सात वाजता क्लब हाऊसच्या पॅन्ट्रीत मी तवा घेऊन असेन. शेगडी सोसायटीची, अंडी माझी, भाजी ज्याने त्याने आपली आणायची. जे अंडं खात नाहीत त्यांच्यासाठी दुसरा तवा, त्यात पनीर. कोरडी भेंडी आणा. पुरुषांनी स्वतः यायचं, बायकांना पाठवायचं नाही. बी विंगमधल्या मित्राचं नाव मी पहिल्या बुधवारसाठी लिहून टाकलेलं आहे.

प्रश्न आहेत का? हो, टरफलांचं. टरफलं ओल्या कचऱ्यात, पण चुरडून. खालच्या तुळशीच्या वाफ्यात टाकू का म्हणून एकांनी विचारलं होतं. तुळशीत नको, लोकांच्या भावना असतात. जास्वंदीच्या कुंड्यांत घाला, वाळवून, चुरा करून. माळीबुवांना मी सांगून ठेवलंय.